कांता नसताना कांताच्या घरी

ज्या बाईच्या घरी मी तीन दिवस पाहुणी होते, ती बाई त्या तीन दिवसांत घरी नव्हती. ती माझ्या गावापासून अकरा किलोमीटरवर ऊस तोडत होती, आणि मी तिच्या घरात, तिच्या गोधडीवर पाय पसरून, तिच्या कपबशीतून चहा पीत होते. परत आल्यापासून भेटेल त्याला मी हे सांगते आणि भेटेल तो विचारतो, "ते झालं, पण तिथं बघितलं काय?" म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

माझं घर कऱ्हाडच्या बाजूला, नदीकाठी. तेहेतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. घरचा ऊस आहे. घराच्या मागच्या भिंतीपलीकडे गायरान आहे आणि दरवर्षी दिवाळी झाली की त्या गायरानावर तोडकऱ्यांची टोळी उतरते. पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या खोपी उभ्या राहतात, पाच महिने राहतात आणि उन्हाळ्यात एका सकाळी नाहीशा होतात. "टोळी कुठली?" असं आम्ही विचारतो. "मानोऱ्याकडची," असं उत्तर येतं. मानोरा म्हणजे वाशिम जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, एवढं मला नकाशावरून ठाऊक होतं. त्यापुढे कधी विचारलं नाही.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे सगळं तिथंच येऊन थांबतं. आमच्या मागच्या भिंतीला लागून एक जादा न्हाणीघर आहे. शेतातून आलेल्या गड्यांनी हातपाय धुवावेत म्हणून सासऱ्यांनी बांधलेलं, दार गायरानाच्या अंगाला उघडणारं. टोळी उतरली की त्याला कुलूप लागतं. ते कुलूप कुणी ठरवून लावलं असं नाही. पहिल्या वर्षी लावलं, मग दरवर्षी लागत गेलं.

माझी मुलगी सई पुण्याला असते. मी निवृत्त झाल्यापासून मला कुठंतरी पाठवायचा तिने चंगच बांधला आहे. यंदा संक्रांतीच्या आधी आली तेव्हा मोबाइल घेऊन शेजारी बसली. "हे बघ आई, हॉटेल नाही, बस भरून माणसं नाहीत. गावातलीच बाई वाट दाखवते, गावातच राहायचं, त्यांच्यातच जेवायचं, आणि गावाला ताप न देता परत यायचं." यादीत कोकण होतं, नाशिककडचे पाडे होते, आणि अगदी खाली मानोऱ्याजवळचा बंजाऱ्यांचा एक तांडा होता. माझं बोट तिथं थांबलं.

"तिथं काय आहे बघायला?" सई म्हणाली.

"तेच बघून येते," मी म्हटलं.

मानोरा

रेल्वेने वाशिम, तिथून मंगरूळपीरवरून एसटीने मानोरा. या प्रवासात सांगण्यासारखं काही घडलं नाही. कंबर मोडली, एवढंच. स्टँडवर भगत सर न्यायला आले होते. हे हायस्कुलात विज्ञान शिकवतात, आणि पाहुणे नि तांडे यांची गाठ घालून देण्याचा हा उद्योग त्यांनी शाळा सांभाळून चालवला आहे. आधी ते मला आपल्या घरी घेऊन गेले. बैठकीत बुद्धाची छोटी मूर्ती, वर बाबासाहेबांचा फोटो, खाली पोरांच्या बक्षिसांची रांग. त्यांच्या पत्नीने आलूपोहे दिले, वर झणझणीत तर्री. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर घालतात. इथं डोळ्यांतून पाणी आल्यावर पाहुण्याचं पोट भरलं असं समजतात बहुतेक.

"आमच्याकडं पाहाले काय आहे, मॅडम?" सर म्हणाले. "किल्ला नाही, समुद्र नाही. मानसं आहेत, पन तेही अर्धं साल नसतात. तांडेच्या तांडे कुलूप लावून जातात. माह्या वर्गातले निम्मे पोट्टे दिवाळीनंतर दिसत नाहीत. म्हटलं, रिकाम्या घराइले पाहुणे आनू. घरवाल्याइचा हिस्सा घरवाल्याइले भेटते, अन् दोन-चार बायाइले इथंच काम भेटते."

मग त्यांनी नियम सांगितले. एका वेळी दोनच पाहुणे. अंगण पाहुण्याने स्वतः झाडायचं. घराबाहेर पडताना चावी सोनाबाईच्या फळीवर अडकवायची. आणि शेवटच्या दिवशी तांड्यातल्या बायकांसमोर बसून काय काय उणं वाटलं ते सांगायचं. "चांगलं नाही सांगाचं," ते म्हणाले. "चांगलं सारेच सांगतात." मी शिक्षिका असल्यामुळे नियम ऐकून मान डोलावली आणि त्यांपैकी एक दुसऱ्याच दिवशी मोडला.

तांडा

तांडा मानोऱ्यापासून जीपने अर्ध्या तासावर. उतरत्या माळावर पस्तीसेक घरं, मध्ये सेवालाल महाराजांचं देऊळ आणि त्यावर पांढरा झेंडा. खालच्या काळ्या रानात तूर कापणीला आलेली, पलीकडे हरभरा. घरं पाहून मी चकित झाले, हे कबूल करते. मनात कुठंतरी खोपी होत्या. इथं विटांच्या भिंती, निळा रंग, दारावर नक्षी, अंगणात तुळस. फक्त बहुतेक दारांना कुलपं.

वाट दाखवणारी शारदा फाट्यावरच उभी होती. तिशीची, काटक, बोलण्यात सरळ. आपसात ही माणसं गोरमाटी बोलतात, माझ्याशी वऱ्हाडी. "आधी सोनाबाईले भेटा," ती म्हणाली. "तांडा तिच्या हातात आहे."

सोनाबाई सत्तरीच्या पुढची. तिच्या ओसरीवर एक लाकडी फळी, फळीवर एकतीस खिळे आणि खिळ्यांवर चाव्या. कुठल्याही चावीवर नाव नाही. घरं ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने खिळे. माणसं जाताना चावी अडकवतात, आली की काढून घेतात. तिने एक चावी माझ्या हातावर ठेवली आणि हात लगेच सोडला नाही.

"दार लावलं की इथं आनून टांगजा," ती म्हणाली. "अर्धा घंटा गेल्या तरी."

"टांगते," मी म्हटलं.

घर कांताचं होतं. कांता ही शारदाची थोरली जाऊ. नवऱ्यासोबत दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली, मुलगा मानोऱ्याला वसतिगृहात. मी पिशवी ठेवते न ठेवते तोच शारदाने आपला मोबाइल माझ्या कानाला लावला. मागे ट्रॅक्टरचा आवाज, आणि त्यावरून एक खणखणीत बाई.

"या ताई. घर तुमचंच आहे. गोधड्या पेटीत आहेत, वरची घेऊ नका, ते टोचते. खालची लाल घेजा. मांजर येते, तिले दूध देऊ नका, लाडावली आहे. अन् न्हाणीची कडी नवीन आहे, जरा दाबून लागते. आतून लावून पाहा बरं, मी थांबतो फोनवर."

मी म्हटलं, "लावीन नंतर." ती ऐकेना. मला खरोखर न्हाणीत जाऊन, पत्र्याच्या दाराला आतून कडी घालून, "लागली" असं ओरडून सांगावं लागलं. बाहेर शारदा गालात हसत होती. मला वाटलं, बाई फारच काळजीखोर दिसते. मग कांताने विचारलं, मी कुठली. मी कऱ्हाडकडची म्हणून सांगितलं, आणि ती ज्या गावाच्या शिवारात उतरली होती त्याचं नाव तिने घेतलं. आमच्या गावच्या आठवडी बाजारापासून अकरा किलोमीटर.

"मंग तुमी माह्या घरी अन् मी तुमच्या घरी," कांता म्हणाली. मी हसले. घरी ऊस आहे हे मी बोलले नाही. तिनेही विचारलं नाही. तेवढ्यात तिला कुणी हाक मारली आणि शेवटचं म्हणून तिने सांगितलं, "निंबूच्या झाडाले फुलं आलीत काय, तेवढं पाहून सांगजा."

संध्याकाळी शारदाच्या चुलीपाशी जेवले. तुरीचे ओले दाणे घातलेली वांग्याची भाजी, ज्याला तिथं सोले-वांगे म्हणतात, ज्वारीची भाकरी आणि लसूण-मिरचीचा ठेचा. शारदाची मुलगी पूजा सातवीत आहे. ती शेजारी बसून विज्ञानाची आकृती काढत होती. मधूनच मला पेन्सिलीने पानाची शीर दाखवून "बरोबर आहे न?" असं विचारत होती. बरोबर होती.

डोंगर

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी अंगण झाडलं. झाडताना लक्षात आलं की शारदाही एका कुलूपबंद घराचं अंगण झाडते आहे, आणि समोरच्या ओळीत आणखी एक म्हातारी. मागे राहिलेली माणसं गेलेल्यांची अंगणं वाटून घेतात. "केर पडला की घर उजाड दिसते," शारदा म्हणाली. "अन् तेइले तिकडं बसून कळते, कसं कोन जाने." मग आम्ही डोंगर चढायला निघालो.

डोंगर म्हणजे सह्याद्रीच्या माणसाने हसावं इतकाच. पण त्यावर शारदासोबत चढलं की हसू येत नाही. तिला प्रत्येक झाड कामावरून ठाऊक आहे. धावडा कुऱ्हाडीच्या दांड्याला, तेंदूचं पान विडीला, पळसाचं पान पत्रावळीला, आणि हे मोहाचं झाड लग्न ठरवायला, कारण तिच्या आजीचं लग्न याच्याखाली ठरलं. एका घळीत पाणी झिरपत होतं. तिथं आम्ही हरभऱ्याचे घाटे सोलत बसलो. खालच्या रानातून रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप पिकात शिरला आणि कुणीतरी डबा बडवत धावलं. आमच्याकडे बिबट्याची भीती, इथं या घोड्याएवढ्या रोह्यांचा वैताग.

मी तिला विचारलं, "तू यंदा गेली नाहीस?"

"नाही. दहा साल गेली. यंदा पहिल्यांदा घरी राह्यली." घाटे सोलता सोलता ती बोलत होती. "आमच्यात कोयता म्हंजे जोडपं. नवरा तोडते, बायको मोळी बांधते. एकटा मानूस अर्धा कोयता, तेले कोनी नेत नाही. म्हून तो बांधकामावर गेला पुण्याले. सारे म्हनतात, शारदीनं कोयता तोडला."

"मग कशासाठी राहिलीस? पूजाच्या शाळेसाठी?"

"शाळेसाठी तं आहेच." तिने पुढचा घाटा उचलला. "पोरगी मोठी झाली, ताई. दिवाळीच्या आधीच. तिथं आंग धुवाचं म्हंजे कसं, ठाऊक आहे? चार काठ्या रोवाच्या, तेले लुगडं गुंडाळाचं. वर आभाळ. पहाटे तीनले उठाचं, मानसं उठाच्या आधी. एकीनं आंग धुवाचं, दुसरीनं बाहेर उभं राहाचं. वारा आला की लुगडं हातानं धराचं. मी केलं दहा साल. पन तिले तिथं कशी नेऊ? अन् इथं एकटी कोनाजवळ सोडू?"

ती सांगत राहिली. ऊसवाल्यांच्या मोटारीचा पाइप असतो, पण मोटार त्यांच्या वेळेला सुटते. कुणाकुणाची न्हाणीघरं असतात, पण त्यांना कुलपं असतात. "पाहुण्याइचं काम ठरलं तवा सर म्हने, आधी काय करू? पलंग आनू काय? आमी साऱ्या बाया म्हटलं, पलंग राहू द्या, आधी न्हाण्याइले दारं बसवा अन् आतून कड्या लावा. कांतानं तं आपल्या हातानं कडी लावली अन् मंग गाडीत बसली."

काल मी गालात हसणाऱ्या शारदाकडे पाहून कांताला काळजीखोर ठरवलं होतं. त्याची मला लाज वाटली. आणि दुसऱ्या एका गोष्टीची त्याहून जास्त वाटली, ती मी बोलले नाही.

"पुढच्या साली?" मी विचारलं.

"पाहुणे आले तं राहीन. नाही आले तं गाडीत बसाच लागन. पूजाले घेऊन."

उतरलो तेव्हा दुपार कलली होती. डोंगरावर फोनला रेंज नव्हती. खाली आल्याबरोबर शारदाचा मोबाइल एकामागून एक वाजू लागला. सतरा फोन, सगळे कांताचे. तांड्याच्या तोंडाशी सोनाबाई काठी टेकून उभी होती.

"चावी कोठी आहे?" तिने मला विचारलं.

चावी माझ्या पर्समध्ये होती. सकाळी कुलूप लावलं आणि पर्समध्ये टाकली. चाळीस वर्षांची सवय. सोनाबाई तेव्हा तुरीत गेली होती. ती परतली तेव्हा कांताच्या दाराला कुलूप आणि फळीवर खिळा रिकामा. मी टांगते म्हटलं होतं, म्हणजे चावी टांगून गेले असणारच आणि मागून ती कुणीतरी नेली, असं तिने धरलं. भर हंगामात खिळा रिकामा होण्याचं कारण या तांड्यात एकच असतं: कुणीतरी अचानक परत आलेलं असतं. आणि हंगाम सोडून कुणी चांगल्या कारणाने परत येत नाही. तिला वाटलं, वसतिगृहातला पोरगा आजारी होऊन आला, चावी घेऊन आत गेला, आणि मग कुणीतरी दाराला कुलूप लावून त्याला दवाखान्यात नेलं. तिने कांतालाच फोन करून विचारलं. कांताने तोड टाकली आणि दोन तास बांधावर बसून आम्हाला फोन लावत राहिली.

शारदाने आधी भगत सरांना वसतिगृहात पाठवून खात्री करून घेतली, मग कांताला फोन लावून दिला. मी माझी चूक सांगितली.

"पोरगा बरा आहे न?" कांताने विचारलं.

"बरा आहे. तो वसतिगृहातच आहे. भगत सरांनी आत्ता त्याला पाहिलं."

"मंग झालं," ती म्हणाली. "तुमी जेवल्या काय?"

मला रडू आलं. मी रागीट आहे, रडकी नाही, पण आलं. मी स्वतः जाऊन चावी खिळ्यावर अडकवली. सोनाबाईने ती बोटाने जरा सरळ केली आणि मला बसायला गोणपाट टाकलं.

उणं

तिसऱ्या दिवशी फारसं फिरले नाही. सकाळी तुरीच्या शेंगा तोडू लागले, आणि माझा वेग पाहून दोन बायकांनी माझी ओळ न सांगता आपसात वाटून घेतली. दुपारी शेणाच्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी. रोडगा म्हणजे कणकेचा जाड गोळा, फोडला की वाफ निघते आणि वर तूप ओतायचं. दोन खाल्ले. तिसऱ्याला नको म्हटलं तर सोनाबाई म्हणाली, "हेच उणं लिहू काय, पाहुणी खात नाही?"

जेवणानंतर बायका तिच्या ओसरीसमोर बसल्या. आठ-दहाच होत्या, तांड्यात तेवढ्याच होत्या. शारदाने वही उघडली. आधीच्या पाहुण्यांनी सांगितलेलं तिने वाचून दाखवलं: आरसा नाही, कोंबडा फार लवकर ओरडतो, संडासाच्या वाटेवर दिवा नाही. आरसा आला होता, दिवा लागला होता. कोंबड्याचा विषय निघताच सगळ्या हसल्या.

मी सांगितलं की आरसा उंचावर आहे, बुटक्या बाईला त्यात फक्त कपाळ दिसतं. डोंगरावर जाताना खाली कुणालातरी वेळ सांगून जावी, म्हणजे कालच्यासारखं होणार नाही. शारदाने लिहून घेतलं. "अजून?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "अजून एक आहे, पण ते तुमचं नाही. माझं आहे. आमचा ऊस आहे. आमच्या मागच्या गायरानात दरवर्षी टोळी उतरते, इकडचीच. मागच्या भिंतीला एक न्हाणीघर आहे. हंगामात आम्ही त्याला कुलूप लावतो."

शेंगा सोलणारे हात थांबले नाहीत. मग सोनाबाई म्हणाली, "ऊस आहे ते ठाऊक आहे."

"कसं?"

"सरांनी गाव सांगतलं तवाच," शारदा म्हणाली. "कऱ्हाडकडच्या बाईच्या घरी ऊस नसन, असं कसं होईन? कुलपाचं नव्हतं ठाऊक."

"मग मला काही विचारलं का नाहीत?"

"तुमी पाहुण्या."

तिच्या आवाजात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. तो नव्हता. नंतर सोनाबाईनेच विचारलं, "कुलूप कायले लावता?"

"घाण होईल म्हणून," मी खरं ते सांगितलं.

"आमच्या घरी तुमी घाण केली काय?"

"नाही."

"मंग," ती म्हणाली, आणि पुन्हा शेंगांकडे वळली.

शारदाने पेन हातात धरून माझ्याकडे पाहिलं. "हे लिहू काय?" लिही म्हटलं. तिने नव्या ओळीवर लिहिलं: पाहुणीच्या घरी न्हाणीले कुलूप. अक्षर सुरेख आहे तिचं. निघताना मी कांताच्या झाडाची लिंबं तोडून घेतली, फुलं आली आहेत का ते नीट पाहिलं, आणि चावी खिळ्यावर अडकवली.

घरी

परतल्यावर दोन दिवसांनी कांताला भेटायला गेले. पाचटाच्या काजळीने हात काळे, आवाजावरून वाटली होती त्याहून बुटकी. म्हणजे आरसा तिच्याही उंचीचा नव्हताच. लिंबं पदरात घेऊन तिने एक नाकाशी धरलं. "फुलं आलीत," मी सांगितलं. "दोन फांद्यांना भरपूर, खालच्या फांदीला कमी." खोपीबाहेर दगडावर बसवून तिने मला चहा दिला. चार काठ्यांना गुंडाळलेलं लुगडं मागेच होतं. मी तिकडे पाहिलं, तिने मला पाहताना पाहिलं, आणि दोघींनी चहा संपवला.

घरी मात्र वाद झाला. आमचे हे म्हणाले, "उद्या सगळी टोळी दारात येऊन बसंल. मग तूच आवर." मी म्हटलं, "आवरीन." कुलूप काढलं, न्हाणीघर धुतलं, नळाला नवा वायसर बसवला, चुन्याचा हात मारला. चावी घेऊन भिंतीपलीकडे गेले. टोळीतली सगळ्यांत वडीलधारी लक्ष्मीबाई. ती इथं किती वर्षं येते मला सांगता यायचं नाही, आणि तिचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं. तिने चावी घेतली, पदराच्या टोकाला बांधली, आणि "बरं" म्हणाली.

चार दिवस गेले. दार नुसतं लोटलेलं असायचं, रोज सकाळी मी जाऊन पाहत होते. फरशी कोरडी. गायरानात लुगडं तसंच काठ्यांना. पाचव्या दिवशी मला राग आला. एवढं करून दिलं तरी यांना नको असेल तर काय करायचं, असं मी मोठ्याने बोलले आणि आमच्या यांनी पेपरमागून "मी म्हणत होतो" अशा अर्थाचा खाकरा काढला. मी कांताला फोन लावला.

"कोणी येत नाही गं," मी म्हटलं. "भितात का? का मी काही चुकीचं बोलले?"

"उणं इचारलं काय तुमी?" कांता म्हणाली.

मी विचारलं नव्हतं. मी दिलं होतं आणि परत आले होते. चप्पल घातली आणि भिंतीपलीकडे गेले. लक्ष्मीबाई भाकरी थापत होती. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि म्हटलं, "चांगलं सांगू नका. न्हाणीघरात काय उणं आहे ते सांगा."

तिने तव्यावरची भाकरी उलटली. जवळ तिची सून होती, तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाई, दाराले आतून कडी नाही न."

मी उठून जाऊन पाहिलं. दाराला बाहेरून जाड कोयंडा होता, कुलपासाठी. आतल्या बाजूला कडीची नुसती दोन भोकं होती, गंजलेली. सासऱ्यांच्या काळात कधीतरी तुटली असणार. तिथं हातपाय धुवायला फक्त गडी यायचे, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. मी पाच दिवस रोज ते दार उघडत होते, आणि तांड्यात एका बाईने मला आतून कडी लावायला लावून फोनवर थांबून ऐकलं होतं, तरी माझ्याही लक्षात आलं नाही.

सुतार दुपारीच आला. कडी बसवल्यावर मी लक्ष्मीबाईला बोलावलं. ती आत गेली, दार लोटलं, कडी घातली, काढली, पुन्हा घातली. बाहेर येऊन सुनेला म्हणाली, "दाबून लागते."

ती सगळी हकीकत मी संध्याकाळी शारदाला फोन करून सांगितला. तिने वहीत त्या ओळीपुढे काय लिहायचं ते विचारलं. मी म्हटलं, आज काही लिहू नकोस, उद्या सांगते. पुढच्या महिन्यात तिच्याकडे कुणी पाहुणे ठरलेत का, ते मी विचारलं. एक जोडपं ठरलं होतं. त्यानंतरचं तिला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी चहा टाकत होते. आमचं स्वयंपाकघर मागच्या भिंतीलाच लागून आहे. आधी कडीचा आवाज आला, मग नळाचा.